काल ११०, आज १४८: मेंदूतल्या रक्तस्रावानंतर रोज होणाऱ्या डॉपलरचा अर्थ

प्रश्न थोडक्यात असा आहे. आईंचं वय ५४. रविवारी दुपारी भांडी घासताना डोक्यात अचानक असह्य कळ आली, दोन उलट्या झाल्या. गावात पित्ताचं औषध मिळालं. मंगळवारी सीटी स्कॅनमध्ये सबअरॅक्नॉइड हॅमरेज, म्हणजे मेंदूच्या पृष्ठभागावरचा रक्तस्राव, निघालं; धमनीवरचा फुगा फुटला होता. बुधवारी कॉइलिंग झालं. आता आयसीयूत रोज सकाळी कानशिलाला यंत्र लावून तपासणी होते. डाव्या बाजूचा आकडा गुरुवारी ८८, शुक्रवारी ११०, आज शनिवारी १४८. आई बोलतात, सगळ्यांना ओळखतात, सकाळी पेजही घेतली. डॉक्टर म्हणाले, "नसा आकसायला लागल्यात, लक्ष ठेवू." ऑपरेशन नीट झालं, आज चौथा दिवस, मग हे नवीन काय? या आकड्यावरून पुढचं कळतं का? आणि कळत असेल तर सीटी अँजिओ (डाय देऊन धमन्यांचा सीटी) करून एकदाचा सोक्षमोक्ष का लावत नाहीत?

सगळ्यात आधी दिवस मोजून घेऊ. तुम्ही ऑपरेशनपासून मोजताय, बहुतेक नातेवाईक तसंच मोजतात. पण हा आजार रक्त सांडलं त्या क्षणापासून मोजायचा असतो. रविवारची ती कळ म्हणजे शून्य दिवस. त्या हिशोबाने आज सहावा दिवस आहे. मेंदूच्या धमन्या आकसण्याची प्रक्रिया साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी सुरू होते, सातव्या ते दहाव्या दिवसाच्या आसपास सर्वांत जास्त असते आणि दोन-तीन आठवड्यांत ओसरते. म्हणजे आईंच्या बाबतीत उद्यापासून बुधवारपर्यंतचा काळ सर्वांत नाजूक. ऑपरेशन नीट झालं हे खरंच आहे. कॉइलिंगने फुगा आतून भरला, त्यामुळे पुन्हा फुटण्याचा मोठा धोका टळला. पण जे रक्त आधीच सांडलंय ते धमन्यांभोवती साचून आहे. ते विरघळताना त्यातून जे घटक सुटतात त्यांनी धमन्यांच्या भिंती आवळल्या जातात. त्यावर कॉइलिंगचा काही इलाज चालत नाही.

आता आकड्याबद्दल. १४८ चा अर्थ "आईंना पॅरालिसिस होणार" असा नाही. धमनी आकसायला लागल्याची शक्यता बरीच आहे आणि पुढचे चार-पाच दिवस त्यांच्यावरून नजर हलता कामा नये, एवढा त्याचा अर्थ. हा फरक का पडतो हे कळायला यंत्र नेमकं काय मोजतं ते पाहू.

या तपासणीचं नाव ट्रान्सक्रेनियल डॉपलर, आम्ही दिवसभर टीसीडी म्हणतो. प्रौढ माणसाच्या कवटीतून ध्वनिलहरी आरपार जात नाहीत म्हणून मेंदूच्या धमन्यांची सोनोग्राफी होणारच नाही, असं पूर्वी धरून चालत. नॉर्वेचे रुने आस्लिद यांनी स्वित्झर्लंडमधल्या बर्न इथे काम करताना १९८२ साली दाखवून दिलं की कानशिलाचं हाड पातळ असतं, आणि २ मेगाहर्ट्झची, म्हणजे नेहमीच्या सोनोग्राफीपेक्षा कमी वारंवारितेची लहर वापरली तर ती तिथून आत जाते. तेव्हापासून ही तपासणी खाटेजवळ होते.

आईंची तपासणी चालू असताना कधी जवळ उभं राहू दिलं तर बघा. डोळा आणि कान यांच्या मधे, गालाच्या हाडाच्या जरा वर, जेल लावून बोटभर जाडीचा प्रोब टेकवतात. मग केसाएवढा इकडे, केसाएवढा तिकडे असं करत बराच वेळ नुसती खरखर ऐकू येते. अचानक "हूश्श-हूश्श" असा नाडीच्या तालावरचा आवाज लागतो आणि पडद्यावर डोंगररांगेसारखी नक्षी उमटते. साधारण साडेचार ते सहा सेंटिमीटर खोलीवर मेंदूची मधली मुख्य धमनी सापडते. तिच्यातलं रक्त सेकंदाला सरासरी किती सेंटिमीटर वेगाने धावतंय, तो तुमचा आकडा. निरोगी प्रौढात तो साधारण ४० ते ८० च्या दरम्यान असतो, वयानुसार कमी होत जातो.

म्हणजे यंत्र धमनीची रुंदी मोजतच नाही, वेग मोजतं आणि रुंदीचा अंदाज आपण त्यावरून बांधतो. रुंद पात्रातली नदी घळीत शिरली की धावू लागते, तसंच. पण नदी धावण्याचं दुसरंही कारण असतं: वरून पाणीच जास्त येत असेल तर. ताप चढला, हिमोग्लोबिन उतरलं, तर धमनी अजिबात आकसलेली नसतानाही वेग वाढतो. एकट्या १४८ वरून या दोहोंत फरक करता येत नाही.

त्यासाठी मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या धमनीचाही वेग मोजायचा आणि भागाकार करायचा. याला लिंडेगार्ड गुणोत्तर म्हणतात. समजा मानेत वेग ३७ आहे, तर १४८ भागिले ३७, म्हणजे ४. मानेत साधाच प्रवाह आणि आत मात्र सुसाट, तर आत अडथळा आहे. तेच मानेत ६२ असेल तर गुणोत्तर २.४ येतं. सगळीकडेच प्रवाह वाढलाय, मग ताप आणि रक्ताचा रिपोर्ट बघायचा. गुणोत्तर ३ च्या खाली असेल तर आकसण्याची शक्यता कमी, ३ ते ६ असेल तर आकसलीय असं धरतात, ६ च्या वर तीव्र. उद्या राउंडला डॉक्टर आले की हे एक जरूर विचारा: गुणोत्तर किती आलं, आणि उजव्या बाजूचा आकडा किती. एका बाजूचा एकच आकडा हातात असेल तर चित्र अर्धवटच राहतं.

नुसत्या वेगाचे टप्पे म्हणाल तर १२० च्या खाली सहसा निवांत, २०० च्या वर गंभीर, आणि मधला पट्टा संदिग्ध. आई त्या मधल्या पट्ट्यात आहेत. त्या पट्ट्यात मी आकड्यापेक्षा चढ बघते. चोवीस तासांत ५०ने किंवा त्याहून जास्त वाढ झाली तर तो धोक्याचा इशारा मानतात. आईंचा आकडा आधी २२ ने वाढला, मग ३८ ने. अजून त्या रेषेच्या आत आहे, पण चढ तीव्र होतोय. डॉक्टर "लक्ष ठेवू" म्हणाले ते मला योग्य वाटतं. उगाच धीर देण्यासाठी ते तसं म्हणाले नाहीत.

इथे एक हळहळ वाटते ती बोलून दाखवते. पहिली तपासणी शक्यतो पहिल्या एक-दोन दिवसांतच व्हावी, कारण तेव्हा धमन्या अजून आकसलेल्या नसतात आणि त्या माणसाचा मूळ वेग हाती लागतो. कुणाचा मूळ वेग ४५ असतो, कुणाचा ७५. पुढचे सगळे आकडे त्या पहिल्याच्या शेजारी ठेवून वाचायचे असतात. पहिल्या दोन-तीन दिवसांतच वेग चढलेला दिसला तर पुढे त्रास होण्याची शक्यता जास्त, हेही त्यातून कळतं. शिवाय नक्षीच्या आकारावरून आणखी एक गोष्ट समजते. ठोक्यागणिक शिखर उंच आणि ठोक्यांमधली दरी अगदी खोल दिसत असेल, म्हणजेच पल्सॅटिलिटी इंडेक्स वाढलेला असेल, तर कवटीतला दाब वाढल्याचा संशय येतो. मेंदूतलं पाणी तुंबणं, ज्याला हायड्रोसेफलस म्हणतात, ते याच सुरुवातीच्या दिवसांत होतं. तेव्हा ताबडतोब सीटी करून, लागलं तर नळी टाकावी लागते. आईंचे पहिले दोन दिवस पित्ताच्या गोळ्यांत गेले, त्यामुळे तो पहिला आकडा मिळाला नाही. तुमचा यात दोष नाही. पण वाचणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावं: आयुष्यात कधी दुखलं नव्हतं इतकं डोकं क्षणात दुखू लागलं, तर ते पित्त नव्हे असं समजून त्याच दिवशी सीटी असलेलं हॉस्पिटल गाठा.

आता मुख्य प्रश्न: यावरून पुढचं कितपत कळतं? आम्हाला भीती असते ती उशिरा होणाऱ्या इस्केमियाची. म्हणजे रक्तस्राव थांबल्यावर काही दिवसांनी मेंदूच्या एखाद्या भागाला रक्त कमी पडून तो दुखावणं. ढोबळमानाने दहापैकी तीन रुग्णांना हे होतं. २०१६ साली १७ अभ्यास, सुमारे २,८७० रुग्ण, एकत्र करून हिशोब मांडला गेला. डॉपलरवर आकसलेली धमनी दिसलेल्या १०० जणांपैकी ५७ जणांना पुढे हा त्रास झाला, ४३ जणांना झाला नाही. आणि डॉपलर चांगलं होतं अशा १०० पैकी ९२ जण सुटले. म्हणजे हे यंत्र धोका नसल्याचं जास्त खात्रीने सांगतं, धोका असल्याचं कमी खात्रीने.

पण त्या ९२ वरही डोळे मिटून विसंबू नये. २००९ च्या न्यू यॉर्कमधल्या ४४१ रुग्णांच्या अभ्यासात, ज्यांना इस्केमिया झाला त्यांच्यातल्या जवळजवळ ४० टक्के लोकांचा वेग १२० च्या वर कधी गेलाच नव्हता. माझा रोजचा अनुभव या दुसऱ्या अभ्यासाच्या बाजूचा आहे.

एक बाई डोळ्यांपुढे येतात. फुगा कपाळामागच्या, दोन्ही बाजूंना जोडणाऱ्या धमनीवर होता, क्लिपिंग झालेलं, म्हणजे कवटी उघडून फुग्याला बाहेरून चिमटा लावलेला. आठव्या दिवशी सकाळी डॉपलर दोन्हीकडे ९० च्या आत. हातपाय हलवत होत्या, नाव सांगत होत्या, आम्ही समाधानी. दुपारी त्यांची मुलगी बाहेर येऊन म्हणाली, "मॅडम, आई गप्प झालीय." आम्ही पाहिलं तर विचारलेल्याचं उत्तर बाई देत होत्या, जरा उशिराने. मुलगी म्हणाली, "तसं नाही. रोज मी आले की म्हशीचं विचारते, दूध किती निघालं, चारा कोण आणतो. आज विचारलंच नाही." आम्ही पुन्हा नीट तपासलं. डावा पाय उजव्यापेक्षा किंचित उशिरा उचलला जात होता. सीटी अँजिओत मेंदूच्या पुढच्या भागाच्या धमन्या चांगल्याच आकसलेल्या निघाल्या. डॉपलरला मधली धमनी छान ऐकू येते, पुढची तितकीशी नाही, आणि पुढे गेलेल्या बारीक फांद्या तर नाहीच. त्या भागाला रक्त कमी पडलं की माणसाचा हात लुळा पडत नाही, त्याची इच्छाच मावळते. तो गप्प बसतो. मशीनच्या आधी ते घरच्या माणसाला कळतं. औषधाने बीपी वाढवल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी म्हशीचं विचारलं.

मोठ्या धमन्या आकसणं आणि मेंदूला इजा होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे औषधांच्या चाचण्यांनीही दाखवलंय. क्लॅझोसेन्टान नावाच्या औषधाने, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, अँजिओग्राफीत दिसणारं आकसणं ६६ टक्क्यांवरून सर्वांत मोठ्या डोसला २३ टक्क्यांवर आणलं, पण रुग्णांच्या अंतिम प्रकृतीत ठोस फरक दिसला नाही. उलट निमोडिपिन मोठ्या धमन्या फारशा रुंद करत नाही, तरी १९८९ च्या ब्रिटिश चाचणीत त्याने मेंदूचा भाग निकामी होण्याचं प्रमाण ३३ टक्क्यांवरून २२ वर आणलं. म्हणून आकडा कितीही असो, आईंना ती गोळी दर चार तासांनी, ६० मिलिग्रॅम, २१ दिवस मिळायला हवी. बीपी उतरत असेल तर डॉक्टर तीच मात्रा निम्मी करून दर दोन तासांनी देतात. रात्री दोनचा आणि पहाटे सहाचा डोस चुकत नाही ना, आणि औषध बाहेरून आणायचं असेल तर साठा संपत आला नाही ना, हे बघणं तुमच्या हातात आहे. ते यंत्राच्या आकड्याइतकंच महत्त्वाचं आहे.

आता सीटी अँजिओचं. ती तपासणी धमनी प्रत्यक्ष दाखवते हे खरं. पण तिच्यासाठी रुग्णाला आयसीयूतून हलवावं लागतं, शिरेतून डाय द्यावा लागतो, त्याचा मूत्रपिंडावर भार येतो, किरणोत्सर्ग होतो. ती रोज करण्याजोगी नाही. डॉपलर खाटेवर होतं, त्यात टोचायचं काही नाही, दिवसातून दोनदा केलं तरी त्रास नाही. आकडा झपाट्याने चढला, गुणोत्तर वाढलं किंवा माणूस बदललेला वाटला, की मग सीटी अँजिओ, शक्य तर मेंदूचा रक्तपुरवठा दाखवणाऱ्या परफ्यूजन तपासणीसह. तुमचे डॉक्टर बहुधा त्याच क्षणाची वाट बघताहेत. आज आई जर सुस्त असत्या, किंवा व्हेंटिलेटरवर गुंगीत असत्या, तर मी मात्र आजच करा म्हटलं असतं, कारण गुंगीतल्या माणसाला तपासून फार काही कळत नाही.

डॉपलर कोण करतं हेही विचारा. मी शिकत होते तेव्हा एका रुग्णाचा आकडा एका दिवशी ९६ आणि दुसऱ्या दिवशी १५० आला. धावपळ झाली, घाईघाईने अँजिओ झाली, धमनी थोडीशीच आकसलेली निघाली. चूक पहिल्या दिवशीची होती, प्रोब तिरका धरला गेला होता. प्रोब तिरका असला की आकडा खऱ्यापेक्षा कमीच येतो, जास्त कधी येत नाही. तीस अंशांचा तिरकेपणा असेल तर सुमारे १३ टक्के कमी. म्हणून रोज शक्यतो एकाच हाताने, त्याच खोलीवर तपासणी व्हावी, आणि सर्वांत मोठा स्वच्छ आवाज लागेपर्यंत शोधत राहावं. काही जणांचं, विशेषतः वयस्क स्त्रियांचं, कानशिलाचं हाड इतकं जाड असतं की आवाज लागतच नाही. तिथे खोटा आकडा लिहिण्यापेक्षा "खिडकी मिळाली नाही" असं लिहिणं बरं.

आकडा चढत राहिला तर करायचं काय? शरीरात पाणी कमी पडू द्यायचं नाही. पूर्वी मुद्दाम भरपूर सलाईन चढवत, ते आता सहसा करत नाहीत, त्याने फुप्फुसात पाणी होतं. या दिवसांत सोडियम उतरतं, आणि ते उतरलं म्हणून पाणी तोडायचं नाही, मीठ भरून काढायचं. ताप आटोक्यात ठेवायचा. घरचं बीपीचं औषध परस्पर सुरू करायचं नाही. ही लक्षणं नसतानाची काळजी झाली. लक्षणं दिसली, म्हणजे हात खाली घसरू लागला, शब्द अडखळले, झापड वाढली, तर औषध देऊन बीपी मुद्दाम वर नेतात. तेव्हा घाबरून "पुन्हा फुटेल ना?" असं विचाराल. आईंचा फुगा कॉइलने बंद केलाय, म्हणून ते करता येतं. एवढ्यानेही भागलं नाही तर कॅथलॅबमध्ये नेऊन आकसलेल्या धमनीत औषध सोडतात किंवा बलूनने ती रुंद करतात.

ज्यांच्या घरात कुणाला बीपी वाढून मेंदूच्या आत रक्ताची गाठ झाल्याचं हॅमरेज आहे, त्यांनी हे सगळं त्या रुग्णाला लावू नये. तिथे धमन्या अशा आकसत नाहीत. डॉपलर झालंच तर कवटीतल्या दाबाचा अंदाज घ्यायला होतं, आणि बीपी वाढवणं तिथे घातक ठरतं.

तुम्ही भेटायला जाल तेव्हा रोज तीन गोष्टी करा. दोन्ही हात समोर धरून डोळे मिटायला सांगा आणि दहापर्यंत मोजा, कुठला हात खाली येतो का बघा. दोन्ही पाय एकेक करून उचलायला सांगा. आणि घरातलं काहीतरी बोला ज्यावर त्या एरवी गप्प बसणार नाहीत. काही वेगळं वाटलं तर आकडा चांगला असला तरी सिस्टरला लगेच सांगा. "उगाच शंका" म्हणून सकाळच्या राउंडपर्यंत थांबू नका. हे उद्याच्या नव्हे तर त्यानंतरच्या रविवारपर्यंत, म्हणजे चौदाव्या दिवसापर्यंत चालू ठेवायचं. आकडे उतरू लागले आणि दोन-तीन दिवस उतरतेच राहिले की आयसीयूतून बाहेर काढण्याचं बोलणं सुरू होतं.

उद्याचे दोन्ही बाजूंचे आकडे, गुणोत्तर, सोडियम आणि ताप एका कागदावर तारखेसह लिहून घ्या आणि मला कळवा.